बोल्टच्या डोक्यावरचा आकडा

गोंदियातील कुठल्याही गॅरेजमध्ये गेले की एका कोपऱ्यात वरून कापलेला ऑइलचा डबा हमखास दिसतो. उतरवलेल्या गाड्यांचे, ट्रॅक्टरचे, कधी राइस मिलमधल्या यंत्रांचेही सुटे नट-बोल्ट त्यात साठलेले असतात. गाडीचा एखादा बोल्ट तुटला, हरवला किंवा त्याचे आटे गेले की मिस्त्री डब्यात हात घालतो, दोन-चार बोल्ट लावून बघतो आणि बसेल तो कसून टाकतो. नवा बोल्ट आणायची धावपळ वाचते, गाडी पाच मिनिटांत रस्त्याला लागते.

नंबर प्लेटचा किंवा मडगार्डचा बोल्ट असेल तर यात काही बिघडत नाही. फार तर ते खडखडेल, गळून पडेल. पण तोच बोल्ट ब्रेकच्या कॅलिपरचा, सस्पेन्शनच्या आर्मचा, स्टीअरिंगचा किंवा सीटबेल्टचा असेल तर? तेव्हा ‘बसला’ एवढे पुरत नाही. भोकात बसणे हा मापाचा प्रश्न आहे. भार पेलणे हा ताकदीचा प्रश्न आहे. दिसायला अगदी सारख्या दोन बोल्टांच्या ताकदीत दुप्पट-अडीचपट फरक असू शकतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. तो दिसावा म्हणूनच बोल्टच्या डोक्यावर एक आकडा कोरलेला असतो.

८.८ म्हणजे आठ पूर्णांक आठ नव्हे

गाडीचा एखादा बोल्ट कापडाने पुसून बघा. षट्कोनी डोक्यावर ४.६, ८.८, १०.९ किंवा १२.९ असा आकडा आणि त्याच्याजवळ बनवणाऱ्या कंपनीची खूण दिसेल. आयएसओ ८९८-१ या आंतरराष्ट्रीय मानकात हे वर्ग ठरवून दिले आहेत. आपल्याकडे आयएस १३६७ च्या तिसऱ्या भागात तेच वर्ग आहेत.

हा आकडा दशांश अपूर्णांकासारखा दिसतो, पण तो तसा वाचायचा नाही. टिंबाच्या आधीचा अंक आणि नंतरचा अंक वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. आधीच्या अंकाला १०० ने गुणले की बोल्ट तुटेपर्यंत दर चौरस मिलीमीटरला किती न्यूटन ताण सोसेल ते कळते. किलोच्या भाषेत सोपे करायचे तर त्या अंकाला दहाने गुणावे. ८.८ च्या बोल्टचा प्रत्येक चौरस मिलीमीटर साधारण ८० किलो वजनाइतका ताण पेलतो, १०.९ चा १०० किलो आणि ४.६ चा अवघा ४० किलो.

टिंबानंतरचा अंक सांगतो की तुटण्याच्या ताणाच्या किती टक्क्यांवर बोल्ट कायमचा लांबतो. ८.८ मध्ये ही मर्यादा ८० टक्के, १०.९ मध्ये ९० टक्के, ४.६ मध्ये ६० टक्के. त्या मर्यादेच्या आत बोल्ट रबरासारखा ताणला जाऊन पुन्हा मूळ लांबीवर येतो. मर्यादा ओलांडली की तो लांबलेलाच राहतो आणि त्याची पकड कायमची सैल होते.

हे एका मापावर पाहू. १० मिलीमीटर जाडीच्या नेहमीच्या आट्यांच्या बोल्टमध्ये ताण पेलणारे क्षेत्र ५८ चौरस मिलीमीटर असते. म्हणजे ४.६ वर्गाचा बोल्ट सुमारे २,३०० किलोला तुटेल आणि १,४०० किलोच्या आसपासच कायमचा लांबायला लागेल. ८.८ चा बोल्ट सुमारे ४,७०० किलोला तुटेल आणि ३,८०० किलोपर्यंत पूर्ववत होईल. १०.९ चा बोल्ट ५,९०० किलोपर्यंत जाईल. माप तेच, डोके तेच, पाना तोच.

सगळ्या बोल्टांवर याच पद्धतीचे आकडे असतात असे नाही. जपानी पद्धतीच्या काही बोल्टांवर ४, ७, ९ असा एकच अंक असतो. ‘७टी’ म्हणजे दर चौरस मिलीमीटरला ७० किलो. अमेरिकी पद्धतीच्या इंची बोल्टांवर आकड्याऐवजी आडव्या-तिरप्या रेघा असतात. तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, त्याची ताकद ८.८ च्या जवळपास. सहा रेघा म्हणजे ग्रेड ८, तो १०.९ च्या तोडीचा. डोक्यावर काहीच नसेल तर तो साधा, माइल्ड स्टीलचा बोल्ट आहे असेच धरावे.

‘सतरा नंबर’चा घोळ

आपल्याकडे बोल्ट पान्याच्या नंबरावरून मागण्याची सवय आहे. ‘सतरा नंबरचा बोल्ट द्या’ म्हटले की दुकानदार देतो. पण सतरा हे डोक्याचे माप आहे, बोल्टचे नव्हे. जुन्या जर्मन पद्धतीत १० मिलीमीटर बोल्टचे डोके १७ चे असते, आयएसओ पद्धतीत १६ चे आणि जपानी पद्धतीच्या गाड्यांत १४ चे. त्याच जपानी पद्धतीत १७ चे डोके १२ मिलीमीटरच्या बोल्टला असते. म्हणजे ‘सतरा नंबर’ सांगितल्यावर दोन वेगवेगळ्या जाडीचे बोल्ट हातात येऊ शकतात आणि ताकदीचा तर अजून विषयच निघालेला नसतो.

दुसरा घोळ आट्यांचा, म्हणजे ज्याला गॅरेजमध्ये चुडी म्हणतात तिचा. १० मिलीमीटरचा बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात बहुधा दीड मिलीमीटर अंतराच्या आट्यांचा मिळतो. अनेक गाड्यांत मात्र सव्वा मिलीमीटरचे बारीक आटे असतात. चुकीचा बोल्ट दोन फेरे सहज फिरतो, मग अडतो. तिथे पान्याला पाइप लावून जोर दिला की बोल्ट बसल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात आतले आटे कापले जात असतात. पुढच्या वेळी बोल्ट बदलून भागत नाही, कॅलिपर किंवा हबच बदलावा लागतो.

बोल्ट म्हणजे ताणलेली स्प्रिंग

बोल्ट हा खुंटीसारखा दोन भागांमध्ये अडकून उभा असतो आणि येणारा धक्का स्वतः झेलतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. कसलेला बोल्ट प्रत्यक्षात किंचित लांबलेला असतो. ताणलेल्या स्प्रिंगसारखा तो मागे यायला बघतो आणि त्या ओढीने दोन्ही भाग एकमेकांवर गच्च दाबून धरतो. रस्त्यावरचे धक्के मुख्यतः त्या दाबलेल्या सांध्यातले घर्षण पेलते. बोल्टच्या वाट्याला त्यातला थोडाच भाग येतो.

ताकदीच्या आकड्याचे महत्त्व इथे कळते. १० मिलीमीटरचा ८.८ वर्गाचा बोल्ट साधारण ५० न्यूटन मीटर टॉर्कने कसला की तो सुमारे अडीच हजार किलोच्या ओढीने सांधा धरून ठेवतो. आता त्याच जागी ४.६ चा बोल्ट घातला. पुस्तकात लिहिलेला टॉर्क द्यायला गेलो तर अडीच हजार किलोच्या आधीच तो लांबेल किंवा हातातच तुटेल. अनुभवी मिस्त्रीच्या हाताला बोल्ट ‘नरम’ लागतो आणि तो अलीकडेच थांबतो. बोल्ट तुटत नाही, गाडी निघते, पण सांध्यावरची पकड निम्म्यावर आलेली असते.

पकड कमी पडली की दोन भाग एकमेकांवर सूक्ष्म सरकू लागतात. कोहमाऱ्याहून देवरीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वरचा वेग असो की पावसाळ्यात खड्डे पडलेला गावचा रस्ता, दर फेऱ्याला, दर खड्ड्याला ही सरकासरक होते. बोल्टला आडवे हादरे बसले की तो आपोआप उलटा फिरू लागतो, हे गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रयोगाने दाखवून दिले. त्याच्या नावाची चाचणी आजही जगभर वापरली जाते. ‘खाली स्प्रिंग वॉशर टाकला की बोल्ट सुटत नाही’ हा समजही अशा चाचण्यांत टिकला नाही. नीट कसलेल्या बोल्टखाली तो वॉशर चपटा होतो आणि साध्या वॉशरइतकेच काम करतो. बोल्टला जागेवर ठेवतो तो त्याचा स्वतःचा पुरेसा ताण.

ताण अपुरा राहिला की दुसरा धोका थकव्याचा. लोखंडी तार हाताने वाकवून तुटत नाही, पण मागेपुढे वीस वेळा वाकवली की तुटते. सैल बोल्टचे तेच होते. अशा तुटलेल्या बोल्टचे तोंड नीट पाहिले तर एका बाजूला शिंपल्यावर असतात तशा गुळगुळीत, वक्र रेषा दिसतात आणि उरलेला भाग दाणेदार, खडबडीत असतो. गुळगुळीत भाग म्हणजे आठवडेनआठवडे हळूहळू वाढलेली चीर. खडबडीत भाग म्हणजे शेवटच्या क्षणी एकदम तुटलेला तुकडा. चाकाचा एक बोल्ट असा तुटला असेल तर शेजारच्या बोल्टांनीही तेच सोसलेले असते. तेव्हा एकच बदलून थांबू नये.

मग सगळीकडे १२.९ लावावा का?

जितका मोठा आकडा तितकी जास्त सुरक्षितता, हाही सोयीस्कर गैरसमज आहे. पोलाद जितके कठीण तितके ते कमी लवचीक. १२.९ वर्गाच्या बोल्टवर गंज लागू नये म्हणून नेहमीच्या पद्धतीने जस्ताचा चकचकीत मुलामा दिला, तर त्या प्रक्रियेत हायड्रोजन पोलादात शिरू शकतो आणि पोलाद ठिसूळ होते. असा बोल्ट कसताना काही कळत नाही. काही तासांनी किंवा दिवसांनी, गाडी उभी असतानाही त्याचे डोके उडू शकते. काळ्या रंगाचे हाय-टेन्साइल ॲलन बोल्ट ‘चमक यावी’ म्हणून मुलामा करून घेऊ नयेत ते याचसाठी.

काही बोल्ट तर तुटण्यासाठीच बसवलेले असतात. ट्रॅक्टरच्या मागे जोडायच्या काही अवजारांच्या पीटीओ शाफ्टमध्ये असा एक मऊ बोल्ट असतो. पाते दगडात किंवा मुळात अडकले की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. वारंवार तुटतो म्हणून शेतकरी तिथे १०.९ चा बोल्ट ठोकतात. मग बोल्ट टिकतो, गिअरबॉक्स फुटतो. ज्या जागेसाठी जो आकडा ठरवला आहे, तिथे तोच योग्य.

स्टेनलेस स्टीलच्या बोल्टबाबतही फसगत होते. आपला जिल्हा तलावांचा, धानाचा आणि भरपूर पावसाचा. रोवणीच्या दिवसांत गाड्यांचा तळ आठवडेच्या आठवडे चिखलात राहतो. गंजाला कंटाळून लोक स्टेनलेस बोल्ट मागतात. पण बाजारात सर्रास मिळणाऱ्या स्टेनलेस बोल्टवर ‘ए२-७०’ लिहिलेले असते. तो दर चौरस मिलीमीटरला ४५० न्यूटनच्या पुढे कायमचा लांबू लागतो. ८.८ च्या बोल्टची हीच मर्यादा ६४० आहे. गंज न लागणे वेगळे आणि ताकद वेगळी. ब्रेक, स्टीअरिंग, सस्पेन्शनला चमकणारा स्टेनलेस बोल्ट म्हणजे कमी ताकदीचा बोल्ट.

गंजलेला बोल्ट गॅसने लाल करून काढायची पद्धतही सर्वत्र आहे. काढण्यापुरती ती ठीक. पण ८.८ आणि त्यापुढच्या बोल्टांची ताकद तापवून, पाण्यात किंवा तेलात विझवून आणि पुन्हा बेताने तापवून आणलेली असते. लाल होईपर्यंत तापवला की ती ताकद जाते. डोक्यावरचा ८.८ मात्र तसाच राहतो. असा बोल्ट पुन्हा डब्यात टाकू नये, भंगारात द्यावा.

सीटबेल्टचा बोल्ट

या साऱ्याचा आपल्या शरीराशी थेट संबंध कुठे येतो, ते सीटबेल्टवरून कळते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळली आणि आतला ६० किलो वजनाचा माणूस अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबला, तर त्याला थोपवायला सरासरी सुमारे १,२०० किलोचा जोर लागतो. हा सगळा जोर पट्ट्यातून त्याच्या टोकांच्या मोजक्या बोल्टांवर येतो. छातीच्या फासळ्या, यकृत, प्लीहा वाचणार की नाही, हे त्या बोल्टांवर ठरते.

नवे सीट कव्हर घालताना, गाडीचा पत्रा रंगवताना किंवा आतले पाणी वाळवताना सीट आणि बेल्ट काढले जातात. त्यात एखादा बोल्ट हरवतो. अनेक गाड्यांत बाकी सगळे बोल्ट मिलीमीटरचे असले तरी बेल्टचा बोल्ट ७/१६ इंचाचा, इंचाला वीस आट्यांचा असतो. जाडी ११.१ मिलीमीटर. त्या भोकात १० मिलीमीटरचा बारीक आट्यांचा बोल्ट सैलसर शिरतो, फिरतोही, कारण दोघांच्या आट्यांचे अंतर जवळजवळ सारखे आहे. पण आटे नावालाच अडकलेले असतात. रोजच्या वापरात बेल्ट लागतो, निघतो, काहीच जाणवत नाही. जाणवते ते एकदाच, अपघाताच्या क्षणी. म्हणून हा बोल्ट हरवला तर कंपनीचाच मागवावा आणि तो येईपर्यंत त्या सीटवर कोणाला बसवू नये.

नजरेने जुळवलेले बोल्ट

जुना बोल्ट हातात धरून ‘अगदी तस्साच’ शोधणे किती धोक्याचे, याचे जगप्रसिद्ध उदाहरण विमानाचे आहे. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाकडे निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची डावी काच १७ हजार फुटांवर निघून गेली आणि वैमानिक कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदम्प्टनला उतरवले. सुदैवाने सगळे वाचले.

ती काच आदल्याच दिवशी बदलली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट हव्या त्या जाडीपेक्षा सुमारे ०.६६ मिलीमीटरने बारीक निघाले. उरलेले सहा लांबीला कमी होते. काच बसवणाऱ्याने भागांच्या यादीत क्रमांक पाहिला नव्हता, काढलेल्या बोल्टशी नवे बोल्ट नजरेने जुळवले होते. त्याहून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे काढलेले जुने बोल्टही चुकीचेच होते, लांबीला आखूड. जुना बोल्ट इतके दिवस टिकला म्हणजे तो बरोबर होता, असे होत नाही. जुन्या गाडीत तर तो आधीच्या कुणा मिस्त्रीच्या डब्यातून आलेला असू शकतो.

आकडाही आंधळेपणाने मानून चालत नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत ग्रेड ८ च्या रेघा कोरलेले, पण उष्णतेत ताकद गमावणाऱ्या हलक्या पोलादाचे बोल्ट मोठ्या प्रमाणात सापडले. त्यावर १९९० साली तिथे खास कायदा करावा लागला. म्हणून आकड्याबरोबर बनवणाऱ्याची खूण असलेला, बिलासह मिळणारा बोल्ट घ्यावा.

गाडीमालकाने काय करावे?

बोल्ट मागताना चार गोष्टी सांगाव्यात: जाडी, लांबी, आट्यांचे अंतर आणि ताकदीचा वर्ग. ब्रेक, स्टीअरिंग, सस्पेन्शन, चाक, सीट आणि सीटबेल्ट या सहा ठिकाणी कंपनीच्या भाग क्रमांकावरूनच बोल्ट घ्यावा. साधा बोल्ट आणि योग्य बोल्ट यांच्या किमतीतला फरक दुरुस्तीच्या एकूण बिलात दिसतही नाही.

नटही बोल्टच्या तोडीचा हवा. ८.८ च्या बोल्टला ८ वर्गाचा नट, १०.९ ला १० चा. कमकुवत नट लावला तर बोल्ट शाबूत राहून नटाचे आटे सोलले जातात.

सिलिंडर हेडसारख्या ठिकाणी काही बोल्ट मुद्दाम ताणमर्यादेपर्यंत कसायचे असतात. ते एकदाच वापरायचे. काढले की नवे घ्यायचे.

कसताना टॉर्क पाना वापरायला सांगावे. पाना फिरवायला लागणाऱ्या जोरातला सुमारे ९० टक्के भाग घर्षणात जातो आणि जेमतेम १० टक्के बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. त्यामुळे आट्यांना तेल लावून तेवढाच टॉर्क दिला तर घर्षण घटते आणि बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. पुस्तकात सांगितले नसेल तर चाकाच्या बोल्टांना तेल लावू नये. छोट्या गाड्यांच्या चाकांच्या नटांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर टॉर्क असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. नट समोरासमोरचे, आळीपाळीने कसावेत. चाक काढून बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर एकदा पुन्हा तपासावेत.

आणि गाडी गॅरेजमधून घेताना एक साधी गोष्ट करता येते. काढलेला जुना बोल्ट आणि बसवलेल्या नव्या बोल्टचे डोके, दोन्ही पुसून मिस्त्रीला दाखवायला सांगावे. दोन्हींवरचे आकडे मोठ्याने वाचावेत. ते जुळत नसतील, किंवा नव्यावर आकडाच नसेल, तर पुस्तिका उघडून कोणता बरोबर ते ठरल्याशिवाय गाडी हलवू नये.